मेंढरांच्या चालीनं काढलेला नकाशा

आमचं घर वर्षातले सात-आठ महिने घोड्याच्या पाठीवर असायचं. दिवाळी झाली की आटपाडीकडचा चारा सरायचा आणि मेंढरं घेऊन आम्ही कराडच्या बाजूला निघायचो. भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि चालता न येणारं पोर, सगळं त्या एका घोड्यावर. ज्याच्या रानात रात्री मेंढरं बसतील तो खताच्या बदल्यात जोंधळे द्यायचा. रान मिळालं नाही तर आई मूठभर पीठ पाण्यात शिजवायची आणि आम्ही ते पिऊन झोपायचो. मला शाळेत घालताना मास्तरांनी पत्ता विचारला. माझे वडील, आप्पा, म्हणाले, "कुठला सांगू? आजचा का उद्याचा?" मास्तर हसले, पण नाव घातलं नाही. पुढच्या वर्षी मला गावात आत्याकडं ठेवलं, तेव्हा कुठं माझं नाव पटावर आलं.

इतिहास घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो झाकून ठेवावा असं काही मला वाटत नाही.

पुढं तालुक्याच्या वाचनालयात नोकरीला लागले. तिथंच एका संस्थेचं पत्रक आलं, स्थानिक इतिहासाच्या कामाला अनुदान देण्याचं. मी अर्ज केला. विषय, आमच्या वाटेवरचे जुने मुक्काम आणि त्यांचा नकाशा. मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "लेखी पुरावा काय आहे?"

"काही नाही," मी म्हणाले. "आप्पा आहेत."

अनुदान मंजूर झालं, पण अटीवर. प्रत्येक मुक्कामाला त्या गावातल्या कुणीतरी साक्ष द्यायची आणि नकाशा मुदतीत पोचवायचा. नाहीतर काम बंद. ते जुने मुक्काम माहीत असलेली दोन-तीनच माणसं उरली होती आणि त्यातले पाय धड असलेले एकटे आप्पा.

अर्जात प्रवासासाठी मी जीप लिहिली होती. चार दिवसांत उरकेल असा माझा हिशेब. आप्पांना पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. विट्याच्या अलीकडं मी विचारलं, "आवं आप्पा, हितला मुक्काम कुठला?"

"मागं गेला वाटतं."

गाडी मागं घेतली. "हितं?"

"न्हाई. फुडं आसंल."

ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, वाट इसरलायसा जणू."

संध्याकाळपर्यंत वहीत एकही नाव नव्हतं. माझा तोल गेला. "तीस वरसं चाललायसा न्हवं या वाटंनं?"

"मी कुठं चाललोय?" आप्पा शांतपणे म्हणाले. "मेंढरं चालायची. मी मागनं. सावली पायाखाली आली की पाणी यायचं आन् दिस कलला की मुक्काम. ह्या गाडीत दिसबी कळंना आन् पाणीबी कळंना."

चूक माझी होती. त्याच वाटेवर वाढलेली मी, पण नकाशा करायचा म्हटल्यावर मला जीप आठवली.

संस्थेत माझं काम बघणाऱ्या बाईंना मी फोन केला. जीप नको, दिवाळीनंतर चुलत्यांचा कळप निघतो, त्याच्यासोबत चालायचं आहे, म्हणून मुदत वाढवा.  त्या म्हणाल्या, "हे सगळं लेखी पाठवा." पाठवलं. दोन महिने मिळाले.

कळप निघाला. आप्पा काठी घेऊन मागं, मी वही घेऊन त्यांच्या मागं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एका पेट्रोल पंपापुढं थांबले. "हितं हीर हाय."

पंपावरचा माणूस म्हणाला, "न्हाई ओ बाबा, कसली हीर?"

बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली. "हाय म्हंजे हुती. पंपाच्या मागं. बुजवली." पुढचा रात्रीचा मुक्कामही त्याला ठाऊक होता, म्हणून त्यानंच वहीत पहिली सही केली.

तिथून पुढं रोज असंच होत गेलं. उन्हाकडं बघून आप्पा थांबायचे आणि मी जवळचं घर गाठायचे. एका वस्तीवर म्हाताऱ्या बाईनं आप्पांना न्याहाळलं. "आटपाडीचं न्हवं तुमी? तुमच्या पोरीनं आमचा हरभरा लय खाल्लाय बघा."

"ही काय ती पोरगी," आप्पा म्हणाले. "आता बी.ए. झालीया."

"व्हय? मग आता इचारून खाईल." असं म्हणून त्यांनी अंगठा उठवला.

शेवटचा मुक्काम कराडजवळच्या मलकापूरला. आप्पांनी एका इमारतीच्या पार्किंगकडं बोट दाखवलं. आम्ही दोन दिवस विचारत फिरलो. जुनं माणूस कुणी सापडलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, नकाशात हे मोकळंच सोडू का?"

"का? मुक्काम हितंच हुता. साक्ष न्हाई, आसं लिव्ह. जे हाय ते लिव्ह."

तसंच लिहिलं आणि मुदत संपायच्या आठवडाभर आधी नकाशा पाठवला. एका मुक्कामाला साक्ष नसली तरी तशी नोंद चालेल, असं कळवून संस्थेनं तो स्वीकारला. त्यात अकरा मुक्काम आहेत, दहा साक्षीसह आणि एक आप्पांच्या शब्दावर. त्याची एक प्रत आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर लावली आहे.