अकरा दिवस गैरहजर

आमच्या आत्याने चौतीस वर्षं एका शाळेत कारकुनी केली आणि त्यातला एकही दिवस हजेरीपट दुसऱ्याच्या हाती दिला नाही. हजर मुलाला निळी रेघ, गैरहजर मुलाला लाल फुली. एकदा खुद्द मुख्याध्यापकांना दहा मिनिटं उशीर झाला, तर तिने त्यांच्या नावापुढे लाल शाईने वेळ लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘कारण विचारले असता घाम पुसला’ अशी नोंद केली. निवृत्त झाल्यावर तरी ही खोड जाईल, असं आम्हाला वाटत होतं. पण शाळेची पोरं सुटली आणि आम्ही सापडलो. घरच्या जेवणाला कोण आलं, कोण नाही, कोण उशिरा आलं आणि लवकर सटकलं, सगळं तिच्या डायरीत असतं. माझं पान बघवत नाही, इतकं ते लाल आहे.

मी तसबिरींना चौकटी करतो. छोटं दुकान आहे, काच-लाकडाचा पसारा आहे, आणि गिऱ्हाईक समोर नसलं की मी चिडचिड करतो. गेल्या वर्षी काका आजोबांचा फोटो घेऊन दुकानात आले तेव्हा मी तेच करत होतो. काका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. घरात त्यांना सगळे सेनापती म्हणतात, कारण सैन्यात ते एक दिवसही नव्हते. सैन्यात होते ते आजोबा, म्हणजे काकांचे आणि आत्याचे वडील. मोठ्या लढाईत चार वर्षं. आमच्या भागातल्या वाचनालयाने जुन्या सैनिकांचे फोटो भिंतीवर लावायचं ठरवलं होतं, प्रत्येक फोटोखाली पितळी पट्टी आणि पट्टीवर एकच ओळ. काकांनी ओळ आणलीच होती: ‘चार वर्षे अखंड सेवा. एकही दिवस रजा नाही.’

“छान ठसठशीत कोर,” काका म्हणाले. “महिनाअखेरीला लावायचं आहे.”

ही ओळ मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. घरात चार माणसं जमली की काका छाती काढून म्हणायचे, “बाबांनी चार वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही!” मग कुणीतरी हळूच आत्याकडे बघायचं. कारण आत्याचा जन्म त्या चार वर्षांतल्या तिसऱ्या वर्षातला. लढाई कुठे समुद्राच्या कडेला, आजी इथे लाँड्रीच्या वरच्या एका भाड्याच्या खोलीत. आता दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे पहिलीतल्या पोरालाही कळेल. आमच्या घराने त्यातली छाती काढून सांगता येणारी गोष्ट ठेवून घेतली. वर आजोबा आत्याचे फार लाड करत, त्याचीही सोय लावली. “किती मोठं मन!” असं म्हणायचे लोक. आत्या तोवर सगळ्यांच्या ताटात वाढत असायची. मला ते आठवलं की अजून संताप येतो, आणि मी स्वतः कधी तोंड उघडलं नाही याचा जास्त येतो.

त्या दिवशी संध्याकाळी आत्या दुकानात आली. काकांनी पट्टीसाठी दिलेला मजकूर तिने चष्मा वर करून, खाली करून वाचला.

“कोरलंस?”

“नाही अजून.”

“मग थांब. घरात बोलतात ते मी ऐकून घेतलं. पण हे भिंतीवर लागलं की माझी आई त्या भिंतीवर कायमची खोटी ठरेल.” मग ती स्टुलावर बसली आणि तिने मला पहिल्यांदाच सांगितलं. आजी जायच्या आधी तिला म्हणाली होती की आजोबा आले होते. सहा दिवस. पळून आले होते, म्हणून खोलीत लपून राहिले. खाली लाँड्रीत बुटांचा आवाज जाऊ नये म्हणून सहाही दिवस अनवाणी चालले. त्यांना पडसं झालं होतं, त्यामुळे ते वर शिंकले की आजी जिन्यात जाऊन मोठमोठ्याने शिंकायची. पुढे लढाई संपली, चांगल्या चालचलणुकीच्या दाखल्यावर आजोबांना गिरणीत पहारेकऱ्याची नोकरी लागली, आणि मग ‘मी पळालो होतो’ हे म्हणायची सोयच राहिली नाही. आजीने त्यांच्यासाठी तोंड मिटलं ते मिटलंच.

“तुझा विश्वास आहे ना आजीवर?” मी विचारलं.

“आहे,” आत्या म्हणाली. “पण मला कागद हवाय. मी एक्याऐंशी वर्षांची आहे. आता नुसत्या विश्वासावर भागत नाही.”

मी उत्साहाच्या भरात सैन्याच्या दफ्तराला अर्ज केला. त्यात आजोबांचं नाव, क्रमांक, पलटण सगळं लिहिलं आणि ‘शौर्य व सन्मान’ या सदरातला उतारा मागितला. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘नोंद आढळली नाही.’ काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, कागद आगीत जळाले असणार, सगळ्याच शूर माणसांचे जळतात. आत्याने मात्र कपाळाला हात लावला.

“चुकीचं पान मागितलंस तू! अरे, हजर माणसाबद्दल कोण काय लिहितं? एक रेघ. गैरहजर राहून बघ, मग कशी शाई वाहते ते. शिक्षेचं पान माग.”

“आणि शिक्षा झालीच नसेल तर?”

याचं उत्तर माझ्याच हातून मिळालं, तेही गाढवपणा करून. फोटोवरची धूळ काढायला मी ओला बोळा फिरवला आणि आजोबांच्या बाहीवरची हुद्द्याची फीत बोळ्यावर आली. आख्खी. काकांना फोन केला तर ते आधी भडकले, मग गुळमुळीत आवाजात म्हणाले, “ती मीच रंगवून घेतली होती. बाबा म्हणायचे ना, मला फीत होती म्हणून. फोटोत दिसेना, मग काय करणार?”

आत्याने भिंग मागितलं. रंग गेल्यावर बाहीवर फितीच्या आकाराचा एक गडद डाग दिसत होता, आणि भोवती सुया टोचल्याच्या बारीक खुणा. भोवतालचं कापड उन्हाने विटलेलं, तेवढंच नवं.

“फीत होती,” ती म्हणाली. “मग काढून घेतली. म्हणजे शिक्षा झाली. म्हणजे पान आहे. लिही अर्ज.”

या वेळी आम्ही दोघं स्वतःच त्या दफ्तरात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी सांगितलं की शिक्षेचे उतारे सहसा कुणी मागत नाही, घरच्यांना वाईट वाटतं. “आम्हाला वाटणार नाही,” आत्या म्हणाली, आणि बाईंच्या टेबलावरच्या हजेरीपटाकडे बघून, “तुमच्याकडे मंगळवारची बेरीज चुकलीय,” असंही म्हणाली. मला वाटलं, आता पान मिळत नाही. पण बाईंनी बेरीज तपासली, खोडली, आणि मुकाट्याने आत गेल्या. तासाभराने एक पिवळट पान आलं. आत्याने ते माझ्याकडे सरकवलं आणि मी वाचलं.

‘बारा ऑक्टोबरपासून विनापरवाना गैरहजर. तेवीस रोजी स्वतःहून हजर. एकूण दिवस अकरा. फीत काढून घेतली. अठ्ठावीस दिवस कैद.’

“अकरा?” मी म्हटलं. माझा चेहरा पडला. “आजी तर सहा म्हणाली होती.”

“जायला अडीच, यायला अडीच,” आत्या म्हणाली. “मालगाडीने.” तिचा वाढदिवस अकरा जुलैला असतो. बोटं मोजायची आम्हाला दोघांनाही गरज नव्हती.

खाली आणखी दोन ओळी होत्या. ‘आरोपीचे म्हणणे: बायकोची आठवण आली.’ आणि त्याखाली, वेगळ्या हस्ताक्षरात: ‘पश्चात्ताप होतो का असे तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा नाही म्हणतो.’

आत्याने पान माझ्या हातून घेतलं. ‘तिन्ही वेळा’ या शब्दांवर ती बोट फिरवत राहिली. मग त्या खिडकीसमोर, रांगेतल्या सगळ्या लोकांदेखत, ती हमसून हमसून रडली. चौतीस वर्षं मुख्याध्यापकांना घाम फोडणारी बाई, आणि मला तिला रुमाल द्यायचं सुचेना. खिडकीमागच्या बाईंनी दिला.

काकांनी दुकानात येऊन पान दोनदा वाचलं. आधी ते दचकले, मग म्हणाले, “ताई, हे घरात ठेवू. भिंतीवर नको. लोक काय म्हणतील?”

“माझ्याबद्दल म्हणत होते तेव्हा तुला हा प्रश्न पडला नव्हता,” आत्या म्हणाली. आवाज चढला नाही. काकांनी मान खाली घातली, आणि मग ते जे बोलले त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती.

“तुझ्यासाठी अडीच दिवस मालगाडीने आले. माझ्या शाळेत कधी फाटकापर्यंत आले नाहीत गं.”

“माझ्यासाठी नाही रे, आईसाठी आले,” आत्या म्हणाली. “मी वाटेत लागले.” मग दोघंही हसायला लागले. म्हातारी भावंडं हसायला लागली की थांबत नाहीत. मी चहा सांगून आलो तरी चालूच होतं.

पट्टी काकांनीच सांगितली तशी कोरली: ‘चार वर्षे सेवा. अकरा दिवस गैरहजर.’ वाचनालयाच्या भिंतीवर बाकी सगळे शूर, निष्ठावंत आणि अखंड आहेत, त्यामुळे लोक थांबतात ते आमच्याच आजोबांपाशी. आत्या रोज सकाळी त्याच फोटोखालच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसते. परवा मी तिला घ्यायला गेलो तेव्हा एक गृहस्थ पट्टी वाचून बायकोला विचारत होते, “अकरा दिवस कुठे गेला असेल गं हा?”

आत्याने वर्तमानपत्र खाली केलं नाही. नुसता हात वर केला आणि वर्गात द्यावा तसा खणखणीत आवाज दिला, “हजर!”