मिशीचा सौदा

चाळीस वर्षांच्या धंद्यात मला सौद्यात हरवणारं माणूस एकच भेटलं, आणि ते म्हणजे हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यातली मास्कवाली सिस्टर. नार्नूरच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून मी मिरची विकायला बसलो तिथपासून आजच्या दुकानापर्यंत सगळं जिभेच्या आणि रागाच्या जोरावर उभं केलं. या बाईपुढे दोन्हींचं काही चाललं नाही. तिच्याबद्दल माझी एक तक्रार आहे, ती मी अजून सोडलेली नाही.

माझी नात परी तेव्हा सात वर्षांची. झोपेत घोरायची, घोरता घोरता तिचा श्वास थांबायचा, मग दचकून हवा ओढायची. दिवसभर वर्गात पेंगायची. आमच्याकडे टॉन्सिल काढून झाले, तरी श्वास थांबतच राहिला, म्हणून शहर गाठलं. तिथं कान-नाक-घशाचे, छातीचे, दातांचे डॉक्टर आणि आहाराच्या बाई, असे चौघं. मी बाजारातला माणूस, चार दुकानं फिरल्याशिवाय माल घेत नाही. याचं त्याला, त्याचं याला सांगत दोन दिवस फिरलो. छातीवाल्यांना ठोकून दिलं की दातवाले म्हणतात, श्वासाचं मशीन नको. सिस्टरनं मला वऱ्हांड्यात गाठलं आणि एका खोलीत नेलं. चौघंही एकाच टेबलाशी बसलेले.

"इथं चारी दुकानं एकच हायत, भाऊ," ती म्हणाली. "आता बोला."

टाळू रुंद करायला दातांना पट्टी, खाण्यावर लक्ष, आणि तोवर रोज झोपताना नाकावर हवेचा मास्क, असं त्या टेबलावर ठरलं.

बाई मूळची मुधोळकडची, ठेंगणी. माणसं ती नावानं नव्हे, श्वासानं ओळखायची. लिफ्टमध्ये तोंड उघडं टाकून उभ्या असलेल्या अनोळखी साहेबाला, नाक काय शोभेला दिलंय का, असं विचारायची. बाकावर पेंगणाऱ्यांचे श्वास स्वतःच्या गुडघ्यावर बोटं आपटत मोजायची. दारावरच्या रखवालदाराला तिनं असाच मोजून तपासणीला धाडला होता. पिशवीत कापडाचं माकड असे, त्यालाही मास्क. मी तिच्यासाठी सीताफळांची टोपली नेली, तर ती तिनं वॉर्डातल्या पोरांना वाटली आणि रिकामी टोपली परत देताना मलाच ऐकवलं की दोन पोरांना कमी पडली.

महिन्यानं परत गेलो तेव्हा मी छातीठोक सांगितलं, पोरगी रोज पूर्ण झोपेत मास्क लावते. सिस्टरनं मशीनमधलं नोंदीचं कार्ड काढून वाचलं. कुठल्या रात्री तासभर, कुठल्या रात्री तेवढंही नाही. मी भडकलो, मशीनलाच खोटं पाडलं. माझ्याकडे न बघता तिनं परीला विचारलं.

"आबा त्याला सोंड म्हनते," परी म्हणाली. "मग आबा काऊन नाई लावत?"

सिस्टरनं तिथल्या तिथं एक मास्क माझ्या नाकावर चढवला. मिशीतून फुसफुस हवा सुटू लागली. पोरीबरोबर तुम्ही बी लावायचा, मिशी काढा, ती म्हणाली. माझी मिशी बाजारात माझ्या आधी पोचायची. तिला पीळ दिला की समोरचा भाव सोडायचा. मी म्हटलं, थोडी कातरतो.

"मग पोरीनं बी थोडाच श्वास घ्यायचा का?"

परी माझ्याकडे बघत होती. मी कबूल झालो. मग सवयीनं एक अट घातली: मास्क सुटला की मिशी ठेवणार. सिस्टर म्हणाली, "मी सांगीन तवा ठेवा."

माझं सपाट तोंड बघून परी पोट धरून हसली आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं सोंडा लावून झोपू लागलो. दीड वर्षानं तपासणी चांगली आली. त्याच टेबलाशी चौघांनी मास्क सोडायला सांगितलं. माझे हात आपोआप जोडले गेले. टेबलाशी सिस्टर मात्र नव्हती. रिटायर होऊन गावाकडं गेली म्हणे.

हीच माझी तक्रार. सौदा अर्धा ठेवून कुणी जातं का?

दुपारी परी दुकानात डाळीच्या पोत्याला टेकून झोपते, तोंड मिटून, आवाज न करता. माझी बोटं गुडघ्यावर पडत राहतात. लोक विचारतात, मिशी काऊन नाही ठेवत? रोज सकाळी वस्तरा काढतो. सांगणारीनं अजून सांगितलेलं नाही.