चौदावं कलम आणि वरोरचे बोंबील

मी नोकरी करते तो देश नकाशात शोधायला भिंग लागतं. मूठभर बेटं, चहूकडे पाणी. तिथल्या सरकारचं राष्ट्रीय डिजिटल धोरण लिहिणाऱ्या चमूत मी आहे. तेरा कलमं झरझर झाली आणि चौदाव्याला गाडी अडली. त्यात लिहायचं होतं की पेन्शन असो वा परवाना, अर्जाचा निकाल यापुढे फक्त मोबाइलवर कळेल आणि लांबच्या बेटांवरच्या सरकारी खिडक्या बंद होतील. मंजूर असो की नामंजूर, सगळ्यांना एक संदेश.

आठ महिन्यांपूर्वी याच टेबलाशी माझ्या फोनवर भावाचा संदेश आला होता: बाबा गेले. खोलीत मी एकटी होते. विमानं बदलत डहाणूला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

"आधी घरी जाऊन ये," माझी साहेबीण सेलीन म्हणाली. "कलम कुठे पळून जात नाही."

म्हणून दिवाळीच्या तोंडावर मी डहाणूत उतरले. तुम्ही जाणार असाल तर हाच काळ निवडा. उकाडा सरलेला असतो आणि किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली दुपारीही बसवतं. मी तासभर बसले. बेटावर रोज समुद्र दिसतो, पण मला तिथे हाच हवा असतो, ओहोटीला लांब पळणारा, चिखलट. बाबा इथे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांद्याला वायरचं भेंडोळं लावून ते पार तलासरीच्या डोंगरापर्यंत जायचे. निवृत्तीनंतरही दर दिवाळीआधी वरोरचे सुके बोंबील घेऊन ते तलासरीजवळच्या एका पाड्यावर जात, कमळीबाईंकडे. पूर्वी त्या पाड्यावरचा एकुलता एक फोन त्यांच्या घरी होता. यंदा बोंबील मी न्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरोरला रिक्षा केली. बोंबील विकणाऱ्या मावशींनी पुडकं चार कागदांत बांधून दिलं. "वास नाय येणार," म्हणाल्या. आला. डहाणूहून सुटणाऱ्या तलासरीच्या एसटीत शेजारचे काका आशागडचा थांबा यायच्या आत दोन सीट मागे जाऊन बसले. चारोटीला बस महामार्गाला लागते आणि गुजरातकडे निघालेल्या ट्रकांच्या रांगेत घुसते. तिकीट शंभराच्या आत. तलासरीहून पुढे शेअर रिक्षा मिळते, पण ती भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या.

पाड्यावर भातकापणी चालली होती. कमळीबाई अंगणात नागली, म्हणजे आपली नाचणी, पाखडत होत्या. पुडकं पाहताच त्या ओळखून हसल्या.

"लाइनमनभाऊची पोर ना तू? बाप मागे राहिला काय?"

मी उभ्याउभ्याच बोलून गेले, "मावशी, बाबा गेले. फाल्गुनात."

सूप त्यांनी खाली ठेवलं. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी कुंपणाकडे वळून शेजारणीला हाक मारली, "सखू, ये गं इकडं. पाणी घेऊन ये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलं तवा?"

"फोनवर आलं."

"जवळ कोण होतं?"

"कोणी नाही."

मग त्यांनी मला सांगितलं ते असं. फोन घरात होता तेव्हा वाईट निरोप आला की त्या एकट्या कधी निघत नसत. आधी ज्याचा निरोप त्याच्या शेजाऱ्याला उठवायचं, मग दोघांनी जायचं, माणसाला खाली बसवायचं, हातात पाणी द्यायचं आणि मग बोलायचं. "असं नाय केलं तर माणूस तिथंच उभा राहतो," त्या म्हणाल्या. "तू अजून उभीच हायस, पोरी."

सखूबाई तांब्या घेऊन आल्या. दोघींनी मला ओट्यावर मधे बसवलं. तांब्या माझ्या हातात दिला. कमळीबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सावकाश म्हणाल्या, "पोरी, तुझा बाप गेला."

मला ठाऊक असलेलीच बातमी. पण मी आठ महिन्यांत रडले नव्हते तेवढी तिथे रडले. मग कमळीबाईही रडल्या. दुपारी नागलीची भाकर आणि त्याच बोंबलांचं कालवण जेवलो. परतीची रिक्षा कधी भरली ते मला कळलंही नाही.

बेटावर परतल्यावर मी चौदावं कलम एका बैठकीत लिहून काढलं. मंजुरी मोबाइलवर जाऊ दे. नकार मात्र माणसाने जाऊन सांगावा, घरचं किंवा शेजारचं कोणी जवळ असताना, आणि त्यासाठी लांबच्या बेटांवरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मसुदा मंजुरीसाठी वर गेला. मी सेलीनला सगळी हकिगत सांगितली होती, ओट्यासकट.

इथल्या खिडकीतून भरतीचं निळं पाणी दिसतं आणि मला डहाणूच्या चिखलाची आठवण येते. बाबांची तर कुठल्याही वेळी येते, पण आता ती अंगावर धावून येत नाही. तलासरीहून मी आणलं ते एवढंच.

काल दुपारी सेलीन माझ्या खोलीत आली. इतर वेळी ती दारातूनच बोलते. काल तिच्यासोबत खालच्या टपालखिडकीवरच्या बाई होत्या आणि सेलीनच्या एका हातात माझा मसुदा होता, दुसऱ्यात पाण्याचा ग्लास.

"बस," ती म्हणाली.

मी बसले. टपालवाल्या बाई माझ्या शेजारी बसल्या. सेलीनने ग्लास माझ्या हातात दिला आणि मी एक घोट घेईपर्यंत ती थांबली.