केसपेपरच्या खिडकीतल्या सिस्टर

"आई गेली, मावशी." कुसुमसिस्टरच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी लसीकरणाला निघाले होते. तशीच गेले, लसी देऊन आले आणि मग दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. आपल्यापायी लसीकरण थांबलेलं सिस्टरना खपलं नसतं. त्याला आता दीड महिना झाला. त्यांच्याविषयी चार चांगले शब्द पुष्कळांनी सांगितले. मला मात्र जे सांगायचंय, ते त्यांच्या हयातीत सांगायची माझी छाती झाली नाही.

दुष्काळाचं साल होतं. सिरसाळ्याकडच्या एका गावात दवाखान्याची इमारत व्हायची होती, तोवर दूध सोसायटीनं दोन खोल्या दिल्या होत्या. मी नवी, कंत्राटी नर्स; कुसुमसिस्टर माझ्या वरच्या. जनावरं आटली होती, सोसायटीचे दुधाचे कॅन रिकामे पडले होते. सिस्टरनी चेअरमनशी भांडून ते मिळवले आणि टँकरचं पाणी त्यांत भरून ठेवलं. "आंगूळ ऱ्हाऊ दे, पर हातावर पानी वत," म्हणायच्या. पुस्तकात संसर्गाचा स्रोत, संसर्गाचा मार्ग असे जड जड शब्द. सिस्टर सांगायच्या, "जंतूला पाय न्हाईत गं. त्यो आपल्या हातावर बसून गावभर फिरतो." स्वच्छ दिसतं ते निर्जंतुक नसतं, हे तर इतक्यांदा ऐकवायच्या, की आम्ही पाठीमागं त्यांची नक्कल करायचो...

एके सकाळी मी एका म्हाताऱ्याच्या पायाची चिघळलेली जखम बांधली आणि लगेच गावातल्या मंदाचं बाळंतपण आलं. बाळंतपण सिस्टरनी केलं, नाळ मी बांधली. हातमोजे तेव्हा आमच्यापर्यंत क्वचितच पोचत. हात साबणानं अगदी नीट धुतले होते, आणि घरी पुसतो तसे पदराला पुसले. जखम बांधल्यावरही त्याच पदराला पुसले होते. आपल्याकडच्या कुठल्या बाईला यात काही वावगं वाटेल?

पाचवीच्या दिवशी बाळाची बेंबी पिकलेली दिसली. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं.

सिस्टरनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "हात धुतलेस?" मी हो म्हटलं. "मंग पुसले कशाला?" मी पदराकडं पाहिलं. त्याही पाहत राहिल्या... ओरडल्या नाहीत. बाहेर मंदाचा सासरा आणि सोसायटीची माणसं बसली होती. त्यांच्यापुढं जाऊन म्हणाल्या, "नाळ मीच बांधली. चूक माझ्या हातची हाय." मी दाराआड उभी होते. चार पावलं टाकून बाहेर जायचं होतं, तेवढं मला जमलं नाही.

चौकशी झाली. माझी नोकरी राहिली. सिस्टरना बाळंतपणाच्या कामातून काढून केसपेपरच्या खिडकीशी बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. बाळंतपण म्हणजे जीव की प्राण होतं त्यांचं. आत बाळ रडलं की खिडकीतून विचारायच्या, "पोरगी का पोरगं?" आणि पुन्हा मान खाली घालून लिहायला लागायच्या. आत मी असायचे. त्यांनी कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, इतकी वर्षं मी ताठ मानेनं हिंडले नसते.

तेरावा झाल्यावर मी मंदाच्या घरी गेले. तिला आता सुना आहेत. ती ओसरीवर ज्वारी पाखडत होती. बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. तिचं सूप थांबलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "नाळ कोन बांधतंय, ते आईला दिसत न्हाई व्हय?"

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"सिस्टर आलत्या घरी. माझ्या पाया पडल्या. म्हणल्या, पोरगी नवी हाय, शिकंल." तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "शिकलीस का मंग?"

उत्तराला न थांबता ती पुन्हा पाखडायला लागली.

गेल्या सोमवारी मी दवाखान्यात नव्या नर्स मुलींचा वर्ग घेत होते. केसपेपरची खिडकी त्याच खोलीत आहे. संसर्गाचा मार्ग म्हणजे नेमकं काय, एका मुलीनं विचारलं. पुस्तकातलं उदाहरण ओठांवर आलं होतं, ते गिळलं. फळ्यावर लिहिलं, म्हाताऱ्याची जखम, सिस्टरचा पदर, मंदाचं बाळ. "कुठली सिस्टर, मॅडम?" तिनं विचारलं. मी खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.