चार्जरवरचं कुंकू

आमच्या सासऱ्यांच्या मते वीज एकच असते, जशी तापी एकच. बहादरपुरातल्या आमच्या केळीवर फवारायला त्यांनी नवा लिथियम बॅटरीचा पंप आणला. जुना पंप शिशाच्या बॅटरीचा. दोघांचे चार्जर काळे, दोघांची पिन गोल. तेवढ्यावर सासऱ्यांनी सोयरीक जुळवून टाकली.

मी बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. खोकं उघडल्याबरोबर मी आकडे वाचले होते: नव्याचा चार्जर १२.६ व्होल्ट, जुन्याचा १४.४. लिथियमला तेवढं जास्तीचंही सोसत नाही. पण खंडेनवमीला आमच्याकडे विळ्या-कोयत्यांबरोबर पंप आणि चार्जरही पाटावर मांडतात. सासऱ्यांनी मनोभावे दोन्ही चार्जरांवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले, नेमके लेबलावर. कंपनीने बारीक अक्षरांत दिलेली सगळी सावधगिरी देवाच्या हवाली झाली.

दसऱ्यानंतर त्यांनी नव्या पंपाला जुना चार्जर लावला.

"बाबा, हा जुन्याचा आहे. कुंकू पुसून वाचा ना."

"पूजेचं कुंकू पुसतं का कोनी? पिन बसली ना? मंग झालं."

नवऱ्याने शाहपूरच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने न बघताच निकाल दिला, "सब चलता है." माझी पदवी त्या तीन शब्दांपुढे आडवी झाली. वर सासरे हसून म्हणाले, "मॅडम, शाळा सुटली आता."

मी फणकाऱ्याने स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी थापू लागले. खरं सांगते, मनात म्हणत होते, होऊन जाऊ दे एकदा.

तासाभराने सासूबाई सूप घेऊन पंपाला लागूनच तूर निवडायला बसल्या. त्यांचे गुडघे असे की उठायला कुणाचा तरी हात लागतो. मी दारातून पाहिलं. त्यांना हलवावंसं वाटलं, पण पुन्हा माझी शाळा निघेल म्हणून गप्प बसले.

मग फसफस आवाज आला, पंपातून ठिणग्या उडाल्या आणि खोलीत धूर कोंडला. मी मेन स्विच पाडला, सासूबाईंना काखेत हात घालून ओढलं. नवऱ्याने फावड्याने पंप अंगणात लोटला, तिथे तो भडकला. सासूबाईंचा पदर जळाला होता, मनगटावर फोड आले होते.

सासऱ्यांनी धोतराच्या सोग्याने कुंकू पुसलं, चष्मा लावून आकडा वाचला. म्हणाले, "सूनबाई, चुकलंच माझं." लग्न झाल्यापासून मी या वाक्याची वाट पाहत होते. ऐकून काडीचंही बरं वाटलं नाही.

मी सासूबाईंच्या हातावर गार पाणी ओतत होते. त्या हळूच म्हणाल्या, "तुले मालूम व्हतं ना, बाई? मंग मले उठवलं काऊन नाही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाणी ओतत राहिले.