जानरावांचं दीपगृह

अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि पूर्णेकाठच्या जानरावांच्या डोक्यात हवा गेली. कापूस त्या वर्षांत सगळ्यांनीच विकला. पण गाठींच्या मागोमाग, भुसावळपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं आगगाडीनं, थेट मुंबई बघायला गेले ते हेच. तिथं त्यांनी समुद्रातलं दीपगृह पाहिलं. होडीवाल्यानं सांगितलं, "दिव्याखाली खडक आहेत. जहाजांनी लांबून जावं म्हणून लावतात." ते दीपगृह आजही जळतं, जहाजं आजही त्याला ओळखून वळतात. त्यात जानरावांचा काडीचाही हात नाही, पण गावी परतल्यावर त्यांचा रुबाब असा, की जणू यांनीच ते बांधलं.

गावाखाली नाल्यात एक जागा गाळाची होती. तिथं गाडी शिरली की बैलांसकट आत. गाडीवान ती टाळून वरच्या उतारावरून जायचे, आणि ते कोणी शिकवावं लागत नव्हतं. जानरावांनी नेमका त्या गाळाच्या काठावर पंचवीस हात उंच मनोरा उठवला. वर काचेची पेटी, आत करडीच्या तेलाचा भला थोरला दिवा.

"इथं जहाज कुठून येऊन राह्यलं?" त्यांच्या बायकोनं, शकुनबाईनं विचारलं.

"तुले काय समजते? गाड्यायले धोका दिसला पायजे."

मला या माणसाचा संताप येतो. समुद्रावरचा दिवा सांगतो, लांब राहा. आमच्या काळ्या रानात अंधारात दिवा दिसला, की तिथं गाव आहे, पाणी आहे, माणसं आहेत, एवढंच कोणालाही कळतं. मुंबई पाहून आलेल्या या शहाण्याला तेवढं कळलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी जानराव वर चढले, दिवा लावला आणि पागोटं सावरून उभे राहिले. शकुनबाईचे थोरले भाऊ उत्तमराव तेव्हाच कापसाची गाडी घेऊन अकोल्याकडं निघाले होते. दिवा पाहून त्यांनी उताराची वाट सोडली आणि बैल सरळ उजेडाकडं हाकले. जानराव वरून "मांगं फिरा" म्हणून ओरडले, दोन्ही हात हलवले. उत्तमरावांना वाटलं, जवाईबापू बोलावताहेत. गाडी गाळात गेली आणि बैल पोटापर्यंत रुतले.

गाव धावत आलं. बैल धडपडतील तेवढे खाली जात होते.

"दिवा दिसला म्हून आलो ना वं, शकुन!" उत्तमराव रडत होते. "दिव्यापाशी बैल बुडतीन, असं कोनाले वाटन?"

बैलांच्या पायाखाली दगड हवा होता, आणि काळ्या मातीत दगड कुठला? होता तो मनोऱ्याच्या बाहेरच्या पायऱ्यांत, नुसता एकावर एक रचलेला. शकुनबाईनं पदर खोचला आणि पहिली पायरी स्वतः उपसली. मग बाप्ये लागले. दगड भराभर गाळात पडू लागले.

"अवं, मंग मी खाली कसा उतरू?" वरून आवाज आला.

शकुनबाईनं मान वर केली नाही.

"आंदी बैल निघू द्या," ती म्हणाली. "तुमाले काय, तुमच्यापाशी उजेड हाये."