ताईचा टॅरॅगॉन

खून करणाऱ्याला एक वेळ माफी मिळेल, पण दवण्याला नागदवणा म्हणणाऱ्याला नाहूरला माझ्या साडूंच्या घरी चहासुद्धा मिळत नसे. गृहस्थ मालवणकडचे. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि शेवंतीच्या कुळातल्या तमाम वासाच्या पाल्याचा न्यायनिवाडा त्यांनी अंगावर घेतला. पाहुणा चप्पल काढतो न काढतो तोच त्याच्या हातात खिडकीतल्या कुंड्यांमधली दोन पानं पडायची. "चुरगळ. वास घे. आता चाव. सांग!" चुकलात की, "देवान तुका नाक कित्याक दिल्यान रे?" पुतण्याच्या लग्नात, हारात दवणा म्हणून नागदवणा ओवलाय, यावरून त्यांनी हारवाल्याला भर मांडवात उभं केलं होतं. भटजी अक्षता थांबवून बसले होते. खोटं नाव त्यांना खरोखरच सहन होत नसे.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई. दुखण्याने अंथरुणाला खिळण्यापूर्वी तिने मुलुंडच्या नर्सरीतून हौसेने एक रोप आणलं. परदेशी लोक कोंबडीत घालतात तो, बडीशेपेच्या वासाचा टॅरॅगॉन. पुढे तिची अन्नावरची वासनाच उडाली. पण आमटीत तिच्या कुंडीतली दोन पानं पडली की चार घास जायचे. "माझ्या टॅरॅगॉनचा गुण!" म्हणायची.

दिवाळीनंतर एकदा मी मुक्कामाला होतो. सकाळी पाहतो तर साडू त्या कुंडीवर वाकून चोरासारखे काहीतरी खुडत होते.

"काय करताय?"

"हळू बोल! कळ्या खुडतोय." मग कानाशी येऊन म्हणाले, "हा टॅरॅगॉन नाय रे. झेंडूचा भाऊबंद आहे, मेक्सिकोचा. वास सारखा, म्हणून नर्सरीवाले खपवतात. पानाच्या कडेला बघ, बारीक दाते आहेत. खऱ्याची कड साफ असते."

"मग सांगून टाका ना ताईला."

"आणि उद्यापासून जेवायची बंद झाली तर?" त्यांनी आणखी एक कळी खुडली. "पिवळं फूल आलं की कळणार तिला. खरा टॅरॅगॉन असा फुलत नाय, हे मीच शिकवून ठेवलंय. माझीच अक्कल!"

ताई गेली ती शेवटपर्यंत टॅरॅगॉन खाऊनच.

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं नाहूरला गेलो. कुंडी बारीक पिवळ्या फुलांनी भरून गेली होती. आता कळ्या खुडायच्या तरी कुणासाठी! माझ्या बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "अगं बाई, ताईच्या टॅरॅगॉनला फुलं आली!"

मला वाटलं, आता हिच्या नाकाचा उद्धार होणार. साडूंनी एक पान तोडलं, चुरगळलं आणि बराच वेळ नाकाशी धरून उभे राहिले.

"हो," ते म्हणाले. "टॅरॅगॉनच तो."